'कालबाह्य' करार आणि कलम 13

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाटो हा शीतयुद्धातला कालबाह्य करार आहे, त्यातून अमेरिकेने बाहेर पडावे, अशी विधेयके अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडली गेली आहेत. त्यावर बोलताना 'मतदान झाले की अमेरिका बाहेर' असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. तसे होत नाही.

1949 चा हा करार अवघ्या 14 कलमांचा. बाहेरची वाट कलम 13 मध्ये आहे: नोटीस दिल्यापासून एक वर्षाने सदस्यत्व संपते, तोवर सगळी बंधने कायम. नोटीस द्यायची अमेरिकी सरकारकडे, कारण कराराचे दप्तर त्याच्याकडे. म्हणजे अमेरिकेने ती स्वतःलाच बजावायची!

खरा वाद आहे तो नोटीस कोणी द्यायची याचा. तैवानबरोबरचा 1954 चा संरक्षण करार संपवण्याची नोटीस अध्यक्ष कार्टर यांनी डिसेंबर 1978 मध्ये सिनेटला (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाला) न विचारता दिली. सिनेटर गोल्डवॉटर न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने मूळ मुद्द्यात न शिरता दावा काढून टाकला. नाटोपुरती ही पळवाट डिसेंबर 2023 च्या संरक्षण कायद्याने बुजवली. आता सिनेटमधील उपस्थितांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी, नाहीतर काँग्रेसचा कायदा. कायद्याला साधे बहुमत पुरते खरे, पण सिनेटमध्ये मतदानाआधी चर्चा बंद करायलाच 100 पैकी 60 मते लागतात. अनेक विधेयके अडतात ती इथे.

राहिला 'कालबाह्य' हा शब्द. करार किती जुना, यावरून ते ठरत नाही, हे गोव्याला वेगळे सांगायला नको. 1373 च्या इंग्लंड-पोर्तुगाल कराराचा आधार घेऊन ब्रिटनने 1943 मध्ये अझोरेस बेटांवर तळ मिळवले, तब्बल 570 वर्षांनी. याउलट पोर्तुगालच्या वसाहतींचे रक्षण करण्याचे 1661 चे वचन (मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली तोच हा करार) ब्रिटनने 1899 मध्ये पुन्हा दिले होते. डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगालने गोव्यासाठी मदत मागितली, तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशाविरुद्ध लढणार नाही, असे ब्रिटनचे उत्तर होते. करार रद्द झाला नव्हता, तो नुसता पाळला गेला नाही.

नाटोही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या कामी आली नाही. पोर्तुगाल संस्थापक सदस्य, पण कलम 6 मधले संरक्षित क्षेत्र मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक. गोवा यांपैकी कशातच नाही. शिवाय एका सदस्यावरचा हल्ला सर्वांवरचा मानणारे कलम 5 सुद्धा सदस्याला 'आवश्यक वाटेल ती कृती' करायला सांगते. सैन्य धाडलेच पाहिजे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

आपल्या दैनिकाने कलम 5, 6 आणि 13 मराठीत करून चौकटीत छापावीत, ही विनंती. एका रकान्यात सहज मावतील.

आपला,
एक वाचक, फोंडा