जूनमधल्या तीन आठवड्यांबद्दल

रेन, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला गेले असते, तर आईने पहिल्याच वाक्याला 'अगं, पण' म्हटले असते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन अंगणात निघून गेले असते. म्हणून मुद्दाम पत्र लिहीत आहे, आणि ते शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत दादाला फोन करायचा नाही, एवढी विनंती आहे. जूनमधल्या तीन आठवड्यांसाठी मी तुम्हा दोघांची विमानाची तिकिटे काढली आहेत. विचारून काढायची म्हटले असते तर ती कधीच निघाली नसती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ती परत करता येत नाहीत असे लिहिणार होते, पण खोटे कशाला बोलू. परत करता येतात, मात्र निम्मे पैसे जातात, आणि पैसे फुकट जाण्याची बाबांना जी धास्ती असते तीच या कामी माझ्या मदतीला येईल, असे मी धरून चालले आहे.

तुमच्या मनात पॅरिस असणार. मामा-मामींनी दहा दिवसांत सहा देश केले, त्याचे फोटो आईने मला तीनदा पाठवले आहेत. पॅरिस मी तुम्हाला येतानाचा एक दिवस दाखवणार आहे आणि आयफेल टॉवरही दाखवणार आहे, पण मुक्काम तिथे नाही. मुक्काम सँ-मालोला आहे. ते ब्रिटनी प्रांतातले बंदर आहे, माझ्या रेनपासून रेल्वेने तासाभराच्या आत येते, आणि मला दर दुसऱ्या शनिवारी घरची आठवण असह्य झाली की मी जिथे जाऊन बसते ते हेच गाव. इतकी वर्षे फोनवर 'समुद्रावर आले आहे' असे मी सांगत आले, तो समुद्र तुम्ही पाहिलेला नाही, हे मला अलीकडे फार टोचू लागले आहे. शिवाय बाबांच्या गुडघ्यांनी आणि त्या जुलैनंतर त्यांच्या छातीनेही बसमधून उतर-चढ करत सहा देश पाहावेत, असे मला मुळीच वाटत नाही. तीन आठवडे एकाच घरात राहायचे, सकाळी चहा घेऊन समुद्रावर जायचे, दुपारी झोपायचे, पुन्हा समुद्रावर जायचे. भाट्याला आजोबांकडे आपण दुसरे काय करत होतो?

घर मी स्वतः जाऊन, नळ सोडून आणि पलंगावर बसून पाहून आले आहे. सँ-मालोचे जुने गाव तटबंदीच्या आत आहे आणि बहुतेक पाहुण्यांना तिथेच राहायचे असते, पण तिथल्या इमारतींचे जिने अरुंद आहेत आणि लिफ्ट क्वचितच सापडते, म्हणून मी शेजारच्या सँ-सर्व्हाँ या भागात तळमजल्यावरचे घर घेतले. दारात दोनच पायऱ्या आहेत, आणि सॉलिदोर नावाच्या जुन्या बुरुजाखालची छोटी पुळण चालत पाच मिनिटांवर आहे. ती राँस नदीच्या मुखाशी, आडोशाला असल्यामुळे तिथे लाटांचा मारा नाही, आणि आईला पाय भिजवून काठावर बसता येईल. पाणी जूनमध्येही चांगलेच गार असते, तेव्हा 'पाय भिजवून' एवढेच म्हटले आहे. चहाची पूड आणि आले मी आणून ठेवीन. कुकर माझा नेईन, कारण इथल्या घरांत मिळणाऱ्या पातेल्यांत तुझी डाळ शिजायची नाही. न्हाणीघरात गरम पाणी चोवीस तास असते, आणि ज्या गोष्टीबद्दल आई फोनवर विचारणार नाही पण मनात तीच असेल, तिच्यासाठी तांब्याची सोयही केली आहे.

आता मुख्य गोष्ट, आणि ती बाबांसाठी आहे. इथली भरती-ओहोटी तुम्ही पाहिलीत तर तुम्ही दोन दिवस जेवायला घरी येणार नाही, याची मला खात्री आहे. आपल्याकडे उधाणालाही पाण्याचा चढ-उतार तीन मीटरांच्या आतच असतो. इथे मोठ्या उधाणाला तो 12 मीटरांच्याही वर जातो. मार्च आणि सप्टेंबरमधली उधाणे सर्वांत मोठी आणि जूनमधली त्या मानाने सौम्य, पण सौम्य म्हणजे सुद्धा दोन-तीन मजले पाणी दिवसातून दोनदा येते आणि जाते. सुकतीला बंदराबाहेरचा समुद्र इतका मागे हटतो की एरवी पाण्यात असलेल्या बेटांपर्यंत लोक चालत जातात. तटाखाली बाँ-सकूर नावाची पुळण आहे, तिथे 1930च्या दशकात समुद्राच्या पाण्याचाच पोहण्याचा तलाव बांधला आहे. ओहोटीला समुद्र निघून गेला तरी त्यात पाणी अडून राहते आणि पोरे उंच मनोऱ्यावरून त्यात उड्या मारतात. भरतीला मात्र तलावाच्या भिंती बुडतात आणि भर समुद्रात नुसता तो मनोरा उभा दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा, कोणी वेड्याने समुद्रात शिडी रोवली आहे, असेच मला वाटले होते.

तुम्ही मला पाऊणकी शिकवली ती पाढ्यांच्या पुस्तकातून नाही, भाट्याच्या वाळूवर. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आणि मी अष्टमीची पाऊणकी चुकवली की तुम्ही मला खांद्यावर घेऊन, 'आता खाडीच सांगेल किती वाजले ते' म्हणत पाण्यात शिरायचात आणि आई काठावरून ओरडायची. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी एकटीच बसून तोच हिशेब करून पाहिला, आणि तो पार चुकला. आपल्याकडे पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते. सँ-मालोला उन्हाळी घड्याळाप्रमाणे ती सकाळ-संध्याकाळी आठच्या पुढेमागे येते आणि भर दुपारी सुकती असते. म्हणजे पाऊणकी तीच ठेवून वर आठ तास मिळवायचे. हे लक्षात आले त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता, तर तुम्ही 'जेवलीस का?' एवढेच विचारलेत. तुमचे चुकले असे म्हणत नाही. तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

त्या दुपारच्या सुकतीला आपण ग्राँ-बे बेटावर जाणार आहोत. बाँ-सकूरच्या वाळूतून दगडी फरसबंद वाट जाते आणि चढ बेताचा आहे. बेटाच्या समुद्राकडच्या टोकाला शातोब्रियाँ या लेखकाची समाधी आहे. तो 1768 साली याच गावात जन्मला आणि 1848 साली वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे पुरले. दगडावर नाव नाही, नुसता एक क्रूस आहे आणि पुढे समुद्र. मात्र एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेवू: पाणी वाटेच्या कडेला लागले की बेटावर असाल तर बेटावरच थांबायचे, आणि किनाऱ्यावर असाल तर निघायचे नाही. अडकलेल्यांना पुढच्या सुकतीपर्यंत पाच-सहा तास तिथेच बसावे लागते. 'मी कोकणातला माणूस आहे, मला समुद्र शिकवू नकोस' हे वाक्य मला त्या वाटेवर ऐकायचे नाही, बाबा.

तटावरून गावाला पूर्ण फेरी मारता येते. ती पावणेदोन किलोमीटरांची आहे, पण आपण ती दोन दिवसांत मिळून मारू. गाव जुने दिसते, तरी बरेचसे नवे आहे. 1944च्या ऑगस्टमधल्या लढाईत तटाच्या आतला बहुतांश भाग जळून आणि पडून गेला, आणि लोकांनी तो पुन्हा त्याच घडणीचा, ग्रॅनाइटमध्ये उभा केला. तटावर सुर्कूफचा पुतळा आहे, समुद्राकडे बोट दाखवणारा. राजाचा परवाना घेऊन शत्रूची जहाजे लुटणाऱ्या दर्यावर्द्यांचे हे गाव, आणि सुर्कूफ त्यांतला शेवटचा मोठा. 1800 साली त्याने बंगालच्या उपसागरात इंग्रज कंपनीचे 'केंट' हे जहाज पकडले. इंग्रज त्याला समुद्री चाचा म्हणत आणि इथले लोक वीर म्हणतात, हे वाचताना मला तुमचा आंग्र्यांवरचा नेहमीचा वाद आठवला. पण सुर्कूफने गुलामांचाही व्यापार केला होता, तेव्हा त्याची आणि कान्होजींची फार जवळीक लावू नका. 1746 साली इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बूर्दोने, तोही याच गावचा.

पुतळ्यांपेक्षा तुम्हाला धरण आवडेल. घरापासून गाडीने दहा मिनिटांवर राँस नदीच्या मुखावर 750 मीटर लांबीचे धरण आहे आणि त्याच्या पोटात भरती-ओहोटीवर चालणारे वीजघर आहे. ते 1966 सालचे असून त्यात 10 मेगावॅटची 24 जनित्रे आहेत, म्हणजे एकूण 240 मेगावॅट. कोयनेच्या मानाने हे पिल्लू आहे, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगते. पण कोयनेच्या पोफळीच्या वीजघरात पाणी एकदा खाली आले की गेले. इथे तेच पाणी दिवसातून दोनदा आपल्या पायांनी परत येते, आणि टर्बाइन दोन्ही दिशांनी फिरू शकतात. धरणावरूनच रस्ता जातो. मी तिथे उभी राहिले तेव्हा खालून जो घुमारा येत होता तो अलोऱ्याच्या कॉलनीतून तुमच्याबरोबर वीजघरात आले होते तेव्हासारखाच होता, आणि मी थोडा वेळ कठड्याला हात लावून उभी राहिले.

आईसाठी मोठी पुळण आहे, सियाँ नावाची. तटाच्या दारापासून सुरू होऊन जवळजवळ तीन किलोमीटर जाते, बाजूने सपाट फरशीचा रस्ता आहे आणि जागोजागी बसायला बाके आहेत. लाटा फोडण्यासाठी वाळूत ओकचे जाड बुंधे रांगांनी पुरले आहेत, एकोणिसाव्या शतकापासून, सुमारे तीन हजार. वरून झिजलेले, खाली हिरवे शेवाळ आणि कालवे चिकटलेली. त्यांच्यामधून चालताना पोफळीच्या बागेत शिरल्यासारखे वाटते. दिनारला बोटीने दहा मिनिटांत जाता येते, तिथे पाण्याच्या कडेने झाडा-फुलांतून जाणारी पायवाट आहे. एक दिवस कांकालला जाऊ, तिथे धक्क्यावर बसून लोक कालवे कच्ची खातात. तुला ती खायची नाहीत, बाबांना खाऊ द्यायची नाहीत, फक्त बघायची. हवा स्वच्छ असेल तर तिथून मों-सँ-मिशेलचे शिखर दिसते. तिथे वर चढायचे म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, तेव्हा ते लांबूनच.

खाण्याचे हाल होणार नाहीत. इथला गालेत म्हणजे आपले घावनच, फक्त कुट्टूच्या पिठाचे, तपकिरी आणि जाळीदार. त्यात हॅम घालण्याची पद्धत आहे. मी चीज आणि अळंबी घालून सांगेन. तुझ्या उपासाला ते चालते की नाही, याचा निर्णय तू घे. मासळी ताजी मिळते, बांगड्याच्या कुळातलाही मासा मिळतो, आणि तुझा मसाला असला की झाले. वटपौर्णिमेला वड मात्र मिळणार नाही. पाटावर चित्र काढून पूजा करतात तशी करू. त्या दिवशी उधाण असेल, वडाच्या जागी समुद्राला दोरा बांध, असे बाबा म्हणतीलच. दिवेलागणीचे तेवढे विचित्र आहे, कारण जूनमध्ये इथे सूर्य रात्री सव्वादहाच्या सुमारास मावळतो. तू सातला दिवा लाव, देव समजून घेईल.

आता सूचना. विम्याचे काम मी करते आहे (व्हिसासाठी निदान 30,000 युरोंचा लागतो), पण बोटांचे ठसे द्यायला मुंबईला तुम्हालाच जावे लागेल, आणि त्या दिवशी दादा बरोबर येणार आहे; ठरले आहे. बाबांची औषधे तीन नव्हे, पाच आठवड्यांची, हातातल्या पिशवीत, आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे इंग्रजीत लिहून घ्यायची. आईने बीपी रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहायचे. 'बरे वाटतेय' हा आकडा नाही. इथे तातडीला 15 हा क्रमांक फिरवतात, तो मी दोघांच्या फोनमध्ये घालीन. कौले मे महिन्यातच परतून घ्या. सामानात तूप, पेढे, दुधाचे काहीही नको, बाहेरून आणायला इथे मनाई आहे, आणि हापूसही प्रमाणपत्राशिवाय येत नाही. आंबापोळी आण, भरपूर. नारळाला बंदी नाही हे तुला कळलेच पाहिजे म्हणून सांगितले, आणण्यासाठी नाही. इथे बाजारात मिळतो.

एक गोष्ट उरली, ती शेवटी ठेवली आहे. नवे काम सप्टेंबरला सुरू होते आणि यंदा मला गणपतीला येता येणार नाही. तुम्ही आलात म्हणून ते भरून निघेल असे मी म्हणत नाही, आणि आई, तू आरतीच्या वेळी व्हिडिओ लावून फोन देव्हाऱ्यासमोर टेकवून ठेवतेस तसा यंदाही ठेव. त्या जुलैत तुम्ही मला चौथ्या दिवशी सांगितलेत, 'काळजी करत बसशील म्हणून'. मी रागावले होते, आता नाही. पण तीन आठवडे बाबा सकाळी उठून खोकले तर तो खोकला मला शेजारच्या खोलीत ऐकायचा आहे, आणि त्यासाठी एवढी सगळी कारणे लिहावी लागली.

पत्र मिळाले की बाबांनी जूनच्या तिथी पंचांगात पाहून भरतीच्या वेळा काढून ठेवाव्यात, आठ तास मिळवून. मी इथला छापील तक्ता आणते. दहा मिनिटांपेक्षा जास्त फरक निघाला, तर कांकालला कालवे बघण्याचा खर्च तुमचा.

तुमची,
धाकटी