‘वयोमानाने होतं’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारनगरमधील एका जुन्या, तीन मजली आणि लिफ्ट नसलेल्या सोसायटीत आम्ही राहतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या ८४ वर्षांच्या वडिलांनी चहा बशीत ओतला आणि न पिताच ते बशीकडे पाहत बसून राहिले. सदऱ्याची बटणे वरखाली लागली होती आणि मला ते त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत होते. ताप नव्हता, छातीत दुखत नव्हते, हातपाय नीट हलत होते. रुग्णवाहिका वेळेत आली, पण तिचे स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडले. शेवटी वॉचमन, दूधवाला आणि मी अशा तिघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली आणले.

एका नावाजलेल्या खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत त्यांना घेतले आणि मला अनामत रक्कम भरण्यासाठी दुसऱ्या मजल्यावर पाठवले. त्या वेळी वडिलांच्या वतीने बोलू शकणारा माणूस मी एकटाच होतो आणि तो एकटा माणूस पैशांच्या रांगेत उभा होता. मी परत येईपर्यंत रक्तदाब आणि ईसीजी तपासून झाले होते. ‘‘आजोबांना वयोमानाने होतं असं, ओपीडीत न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा,’’ असे तेथील तरुण डॉक्टरांनी मला सांगितले. आदल्या रात्री आपल्याच वृत्तपत्रातील शब्दकोडे वडिलांनी एक शब्द वगळता पूर्ण सोडवले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण ‘काल हे कसे होते’ असे कोणी विचारलेच नाही. मी हट्ट धरला म्हणून रक्त घेतले गेले. दुपारी अहवाल आला : १३५ ते १४५ असायला हवे ते सोडियम ११२ होते. चार दिवसांचे जुलाब आणि त्यातच चालू ठेवलेली रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी, एवढेच त्याचे कारण. सोडियम भराभर वाढवले तर मेंदूला इजा होते, म्हणून ते सलाइनमधून सावकाश वाढवण्यात चार दिवस गेले.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांची रात्रपाळी संपत आली असावी. तक्रार आहे ती ‘वयोमानाने’ या शब्दाबद्दल. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने, पायरी पायरीने येतो. एका रात्रीत आलेला गोंधळ हा बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या आजाराचा निरोप असतो. उतारवयात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, फक्त धाप लागते किंवा घाम फुटतो. न्यूमोनियात तापही येतोच असे नाही. ज्यांचा रक्तदाब औषधे घेऊनही नेहमी १६० असतो, त्यांच्या बाबतीत ११० हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून कागदावर लिहून पुढे जाणे धोक्याचे आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजी न्हाणीघरात पडल्या, तर ‘टेंगूळ आलंय फक्त’ म्हणून त्यांना घरी पाठवता येत नाही. आणि हा गोंधळ पक्षाघाताचा असेल, तर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. त्यातला किती वेळ अनामत रकमेच्या रांगेत घालवायचा?

या रकमेबाबत नियम नाहीत असेही नाही. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. पुण्यातील कितीतरी मोठी रुग्णालये धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार त्यांना तातडीच्या रुग्णाला दाखल करताना अनामत रक्कम मागता येत नाही. कॅज्युअल्टीच्या दारावर हे वाक्य ठळक मराठीत लिहिलेले मला तरी अजून दिसलेले नाही. सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळू लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ते कोणत्या रुग्णालयात चालते याची चौकशी वडिलांना खुर्चीत बांधत असताना कोण करणार?

माझी विनंती साधी आहे. साठीपुढचा रुग्ण कॅज्युअल्टीत आला की त्याच्या माणसाला पहिली पंधरा मिनिटे तरी खाटेपासून हलवू नये, आणि केसपेपरवर ‘कालपर्यंत रुग्ण कसा होता’ व ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत’ असे दोन रकाने छापावेत. साखर आणि सोडियम तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. आपल्या बाजूने आम्हीही गोळ्यांची यादी, जुना ईसीजी आणि नेहमीचा रक्तदाब असा एक कागद फ्रिजच्या दारावर लावला आहे. ज्यांची मुले परदेशात आहेत अशी पाच घरे आमच्या सोसायटीत आहेत. त्यांच्या कागदांची एकेक प्रत आता शेजाऱ्यांकडे असते.

राहता राहिला जिना. रुग्णाला बसवून पायऱ्यांवरून उतरवता येईल अशी घडीची खुर्ची घेण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत मंजूर झाला आहे. तळमजल्यावरच्यांनी तिची वर्गणी का द्यावी, यावर सध्या चर्चा चालू आहे.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे