अंबाजोगाईला रेल्वे स्टेशन दिल्याबद्दल आभार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतल्या क्रमशः रहस्यकथेत नायिका 'अंबाजोगाई रेल्वे स्टेशन'वर उतरली. आपले आणि लेखकमहोदयांचे मनापासून आभार. इतकी वर्षं निवेदनं देऊन जे झालं नाही, ते तुम्ही एका ओळीत करून दाखवलं. आम्ही मात्र अजून परळीला नाहीतर घाटनांदूरला उतरतो आणि एसटी धरतो.

पुढे मृतदेह शवविच्छेदनासाठी थेट मुंबईला. अहो, इथल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाची पन्नाशी झाली! व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अवयवांचा नमुना, तपासायला संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट बघून माणूस थकतो. तुमच्याकडे संध्याकाळी विष कळतं आणि रात्री फौजदारसाहेब चहाच्या टपरीवर बाईंना पंचनामा वाचायला देतात. वर प्रेमातही पडतात. रात्री अकराला, भर बाजारात, आणि कुणी पाहिलं नाही म्हणे! अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल 1927 सालच्या कथेपासून खुनी पकडत आली, पण तिचं अर्धं काम शेजारणींच्या गप्पांवर चालायचं. तुमच्या नायिकेला शेजारणच नाही.

मी इथल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर 28 वर्षं बसले, म्हणून बोलते. 1986 च्या उन्हाळ्यात एक पातळशी रहस्यकथा आलटूनपालटून दोनच खात्यांवर जाऊ लागली. एक खातं मुलीचं, एक मुलाचं. खुनी कळल्यावर तीच रहस्यकथा तिसऱ्यांदा कोण नेतं? बाबुराव अर्नाळकरांची शेकड्यांनी पुस्तकं कपाटात होती, तिकडे दोघं बघतही नव्हती. दुपारी पंख्याखाली पुस्तक उघडलं, तर काही अक्षरांखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके. मी ती अक्षरं ओळीनं चिठ्ठीवर उतरवली. 'बुधवारी मुकुंदराज चार वाजता.' मुकुंदराजांच्या समाधीच्या वाटेवर तेव्हा फारशी वर्दळ नसायची.

महिनाभरात मुलीचे वडील टेबलापाशी आले. आमची मुलगी कोणती पुस्तकं नेते, जरा रजिस्टर दाखवा. मी म्हटलं, बाइंडिंगला गेलंय. रजिस्टर माझ्या मांडीवर होतं, पदराखाली. ते मुकाट्याने गेले, पण जाताना माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना पदराखालचंही कळलं असावं. पुस्तक मी 'पाने गहाळ' म्हणून नोंदवून कपाटात मागे सारलं. चार दिवसांनी मुलगी आली, फळीवर शोधत राहिली. मी काही बोलले नाही, दुसरं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उघडलं, वरच्या कपाटाकडे बघितलं आणि हसली.

दीड वर्षानं लग्न झालं. आमच्या जोगाईचं परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं लग्न मुहूर्त टळल्यानं मोडलं आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी कथा आहे. हत्तीखान्यात ते अजून दाखवतात. या दोघांचा मुहूर्त तेवढा टळला नाही.

तर तुमच्या नायिकेने सातही संशयितांना वाड्याच्या एका खोलीत बसवून खुनी जाहीर करायचं ठरवलंय. आमच्याकडे सात माणसं एका खोलीत बसली की आठवा पाणी घेऊन येतो आणि बाकीचा बोळ खिडकीशी असतो. खुनी धाकटा दीर आहे हे मला तिसऱ्या भागातच कळलं, तरी शेवट वाचायचाच आहे.

पण वाचायला मिळेल का? गेल्या महिन्यात दोन रविवार पुरवणीच आली नाही. पेपरवाला म्हणतो गठ्ठ्यातच नव्हती, तुमच्या कार्यालयातून सांगतात पाठवली होती. अंक सहा रुपयांचा, पुरवणीसकट. येत्या रविवारचं तेवढं बघावं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी, अंबाजोगाई

(ता. क. नाव छापू नये. त्या दोघांची नातवंडं आमच्याच गल्लीत खेळतात आणि आजोबांना अजून वाटतं की ठिपके कुणालाच दिसले नाहीत.)