गोव्यातल्या बायका स्टेजवर कधी येणार?

संपादक महोदय,

८ मार्च जवळ आला की पेपरात आणि आमच्या फोंड्याकडच्या शाळांत नावं ठरलेली असतात, जिजाऊ, झाशीची राणी, सावित्रीबाई, फार तर मदर तेरेसा. थोरच त्या, वादच नाही. पण वेशभूषा स्पर्धेत एकाच स्टेजवर दोन-तीन झाशीच्या राण्या येतात आणि गोव्यातली एकही बाई येत नाही, हे जरा अतीच नाही का?

लिबिया लोबो सरदेसाईंचंच घ्या. २०२५ मध्ये, शंभरी गाठल्यावर पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा व्हॉट्सॅपवर फोटो फिरले आणि संपलं. या बाईंनी आणि वामनराव सरदेसाईंनी नोव्हेंबर १९५५ पासून पार मुक्तीपर्यंत हद्दीपलीकडच्या जंगलात राहून गोव्यासाठी गुप्त रेडिओ चालवला, पोर्तुगीज आणि कोकणीतून, म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची सेन्सॉरशिप जे पेपरात येऊच देत नव्हती ते थेट लोकांच्या घरात. दोघांचं लग्न नंतर झालं, तेव्हा त्या काळात एका बिनलग्नाच्या मुलीने असं रानात जाऊन राहायचं म्हणजे काय, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९ डिसेंबर १९६१ ला विमानातून लाऊडस्पीकरवर गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरल्या त्याही याच. पुढे वकिली केली, पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. आता एवढं सगळं असताना एखाद्या मुलीला हातात माईक देऊन लिबियाबाई करायला काय हरकत आहे, तलवारीपेक्षा स्वस्तच पडेल!

सुधाताई जोशींना तर लेखक महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी म्हणूनच ओळखतात, ओळखत असतील तर. १९५५ मध्ये त्या गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या नॅशनल काँग्रेस गोवा या संघटनेच्या अध्यक्ष होत्या, म्हापशात पोर्तुगीज पोलिसांच्या नाकासमोर सत्याग्रह केला आणि बारा वर्षांची शिक्षा घेतली. बारा वर्षं, भाषण करायला उभं राहिल्याबद्दल!

आणि आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्यातलं पहिलं यान पार ताऱ्यांमधल्या अवकाशात जाऊन पोचलं, पण गाणं शिकणारी घरं सोडली तर आमच्या पोरांपर्यंत केसरबाई काही पोचल्या नाहीत. व्हॉयेजर वन सप्टेंबरमध्ये सुटलं आणि त्याच महिन्यात त्या गेल्या.

पाठ्यपुस्तकं बदलायला वेळ लागतो, कमिटी, मंजुरी, छपाई, सगळं मान्य. तुमच्या रविवार पुरवणीत मात्र रेसिपी आणि राशिभविष्याच्या मध्ये अर्धं पान सहज निघेल. दर आठवड्याला एक बाई द्या, गायिका मोगूबाई कुर्डीकर, शशिकलाताई काकोडकर (आजवरच्या आपल्या एकमेव महिला मुख्यमंत्री), नावं काही कमी पडणार नाहीत. फक्त फोटो जरा मोठा छापा, पोरांना प्रोजेक्टला कापून चिकटवता आला पाहिजे.

- एक वाचक, फोंडा