नायोब्राराचा मेळावा : मित्रास पत्र

रॅपिड सिटी, साउथ डकोटा
जुलै

प्रिय जयंत,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोचले. मंडळीच्या वार्षिक सभेची हकिगत वाचून आधी हसू आले आणि मग वाईट वाटले. हिशेबावरून वाद, पंचांच्या निवडणुकीवरून दोन तट, आणि शेवटच्या प्रार्थनेला उरलेली मोजकी माणसे! इकडच्या सभाही अशाच होतात का, असे तू विचारले आहेस. शहरातील चर्चच्या बऱ्याचशा तशाच होतात. आवाज तेवढा चढत नाही. पण जून महिन्यात मी एका मेळाव्याला जाऊन आलो, त्याची जातकुळीच निराळी आहे. त्याविषयी फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

मेळाव्याचे नाव नायोब्रारा कॉन्व्होकेशन. एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन परंपरेची अमेरिकेतील शाखा, आणि १९७० साली स्थापन झालेले आपले चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही अँग्लिकन कम्युनियनमध्येच मोडते; त्यामुळे प्रभुभोजनाच्या वेळी मला कोणी परका मानले नाही. साउथ डकोटाच्या डायोसिसचे, म्हणजे बिशपच्या प्रांताचे, कारभाराचे अधिवेशन दरवर्षी वेगळे भरते. कॉन्व्होकेशन मात्र डकोटा, नाकोटा आणि लकोटा लोकांच्या मंडळ्यांचे आहे. बाहेरचे जग या सर्वांना सरसकट ‘सू’ म्हणते. पाइन रिज, रोझबड, चेयेन रिव्हर, स्टँडिंग रॉक, क्रो क्रीक, यांक्टन, सिसटन अशा रिझर्व्हेशनांवरून, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशांतून, आणि शेजारच्या नेब्रास्का राज्यातील सँटीहून माणसे येतात, आणि यजमानपद फिरते असते. १८७० च्या दशकापासून हा मेळावा भरत आला आहे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका लकोटा परिचारिकेने मला नेले. मिसुरी नदीच्या पश्चिमेकडील या भागात गवताळ टेकड्यांखेरीज काही दिसत नाही. मैलोन्‌मैल गाव लागत नाही, आणि मग एकाएकी एका टेकडीआड तंबू, ट्रक, मोटारी आणि पांढरे लाकडी चॅपेल. तेथे पोचल्यावर पहिला प्रश्न झाला तो माझ्या हुद्द्याचा किंवा मंडळीचा नव्हता. मी कोणाबरोबर आलो आणि माझी माणसे कोण, हे विचारले गेले. नगरचे नाव कोणी ऐकले नव्हते, पण माझी आई अजून तेथे एकटी राहते म्हटल्यावर तिची चौकशी मात्र नीट झाली. एक वृद्ध बाई होत्या, त्यांना सगळे ‘उन्ची’ म्हणजे आजी म्हणत होते. त्यांनी मला आपल्या शेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसवून घेतले, आणि पुढे त्या बसतील तेथे बसणे हेच माझे काम झाले.

हा मेळावा कसा जन्माला आला, ते जाणल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. १८६२ साली मिनेसोटात डकोटा लोक आणि गोरे वसाहतकार यांच्यात युद्ध झाले. कराराचे पैसे वेळेवर न मिळणे आणि त्यातून आलेली उपासमार हे त्याचे एक मोठे कारण. युद्धानंतर ३०३ डकोटा पुरुषांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. मिनेसोटाचे बिशप हेन्री व्हिपल यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्याकडे डकोटांची बाजू मांडली; लिंकन यांनी बहुतेकांच्या शिक्षा कमी केल्या, तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकाटो येथे ३८ जणांना एकाच वेळी फासावर चढवण्यात आले. बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना फोर्ट स्नेलिंगजवळच्या छावणीत तो हिवाळा काढावा लागला, पुढच्या वर्षी त्यांना क्रो क्रीकच्या ओसाड भागात नेऊन टाकले आणि १८६६ मध्ये तेथूनही उठवून नायोब्रारा नदीच्या मुखाजवळ वसवले. सॅम्युएल हिनमन नावाचे तरुण पाळक या हद्दपारीत त्यांच्याबरोबर गेले. डकोटा भाषेतील उपासनेचे पुस्तक याच दशकात छापले गेले. म्हणजे या मंडळीची मुळे एखाद्या भव्य मिशन कंपाउंडात नाहीत, तर कैद्यांच्या आणि निर्वासितांच्या तळावर आहेत.

१८७३ साली विल्यम होबार्ट हेअर हे नायोब्राराचे मिशनरी बिशप झाले आणि १९०९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हाच प्रदेश सांभाळला. त्याआधीच राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी आदिवासींच्या एजन्स्या, म्हणजे त्यांचा कारभार पाहणारी सरकारी ठाणी, निरनिराळ्या चर्चना वाटून दिल्या होत्या, आणि सू लोकांच्या कित्येक एजन्स्या एपिस्कोपल चर्चच्या वाट्याला आल्या होत्या. ज्यांच्या आत्म्यांची ही वाटणी झाली, त्यांना कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको. विखुरलेल्या मंडळ्यांचे प्रतिनिधी वर्षातून एकदा एकत्र यावेत, अहवाल द्यावेत, ठराव करावेत, एवढ्यापुरती ती बिशपांची सभा होती. पण प्रतिनिधी एकटे आले नाहीत. त्यांच्याबरोबर बायकामुले आली, आजीआजोबा आले, तंबू आले, घोडागाड्या आल्या. काही कुटुंबे कित्येक दिवसांचा प्रवास करून येत. तंबू मोठ्या वर्तुळात उभे राहिले, मध्ये झाडांच्या डहाळ्यांचा मांडव पडला आणि त्या मांडवात उपासना होऊ लागली.

तो आकार कोठून आला, हे तेथे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. उन्हाळ्यात सगळ्या टोळ्यांनी एकत्र येऊन वर्तुळात तळ द्यायचा आणि डहाळ्यांच्या मांडवाखाली सूर्यनृत्य करायचे, ही त्या लोकांची फार जुनी रीत. १८८३ साली सरकारने नियम करून सूर्यनृत्य हा गुन्हा ठरवला. एजंटाच्या परवान्यावाचून रिझर्व्हेशनची हद्दही ओलांडता येत नसे. अशा काळात चर्चचा मेळावा हे उघडपणे एकत्र येण्याचे मोजक्या निमित्तांपैकी एक निमित्त उरले. दूर दिलेल्या मुलींना आईबाप भेटत, सोयरिकी जुळत, मेलेल्यांसाठी रडून घेतले जाई, आणि हे सर्व बिशपांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या आशीर्वादाने. हेअर स्वतः जुन्या नृत्यांच्या विरोधात होते. आपण एक रूढी मोडून काढत आहोत असे त्यांना वाटत असेल, पण तिचे अर्धे अंग त्यांच्याच मांडवात जगत होते. माझे मत विचारशील तर या मेळाव्याचे दीर्घायुष्य येथे आहे. लोकांनी सभा स्वीकारली ती तिला आपल्या घरचे वळण लावून.

हे मी फार गोड करून सांगत आहे असे तुला वाटेल, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. याच बिशपांनी मुलांसाठी वसतिगृहाच्या शाळा काढल्या. आईबापांपासून, भाषेपासून आणि पोषाखापासून मुलांना तोडून ‘सुधारण्याचे’ जे धोरण त्या काळी देशभर चालले, त्यात चर्चच्या शाळाही सामील होत्या. त्या जखमा अजून भरलेल्या नाहीत. मेळाव्यातही हा विषय निघाला. एका माणसाने आपल्या आजोबांविषयी सांगितले की ते शाळेतून परतले ते बोलेनासे होऊनच. इंग्रजी त्यांना आवडत नव्हती आणि लकोटा बोलायची भीती बसली होती. तो बोलत असताना कोणी मान खाली घातली नाही, कोणी घाईने प्रार्थनेकडेही वळले नाही. त्याचे बोलणे पुरते होऊ दिले. एपिस्कोपल चर्चच्या सर्वोच्च सभेने २००९ साली ‘शोधाचा सिद्धांत’, म्हणजे ख्रिस्ती राजांनी शोधलेली भूमी त्यांच्या मालकीची हा जुना दावा, अधिकृतपणे धिक्कारला. ठराव चांगला आहे. पण जमीन परत आली नाही, हेही तेथील लोक तितक्याच शांतपणे सांगतात.

एका घराण्याची गोष्ट तुला नक्की आवडेल. फिलिप डेलोरिया (१८५३–१९३१) हे यांक्टन प्रमुखाचे पुत्र. तिपी सापा हे त्यांचे दुसरे नाव. ते पाळक झाले आणि त्यांनी स्टँडिंग रॉकवर दीर्घ काळ सेवा केली. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये वेदीमागच्या शिल्पपटात त्यांची मूर्ती आहे. त्यांची मुलगी एला डेलोरिया हिने मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्याबरोबर डकोटा भाषेचे व्याकरण लिहिले. डकोटा जीवनाचे मर्म सांगताना ती नातेसंबंध पाळण्याला सर्वांत वरचे स्थान देते: माणसाने चांगला नातलग व्हावे, बाकी सर्व त्यामागून. नातू व्हाइन डेलोरिया धाकटे हे मात्र मिशनऱ्यांचे अतिशय कडवे टीकाकार निघाले. १९६९ साली त्यांच्या पहिल्या पुस्तकाने अमेरिकेत खळबळ उडवली. आजोबा कॅथेड्रलच्या भिंतीवर आणि नातू चर्चला धारेवर धरणारा! मेळाव्यात या दोघांविषयीही अभिमानाने बोलतात आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

आता उपासनेविषयी. रविवारी निरनिराळ्या चॅपेलांचे झेंडे घेऊन मिरवणूक निघाली. पाळकांच्या झग्यांवर तारा-गोधडीची नक्षी होती. कापडाचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जोडत जाऊन एक मोठा आठ टोकांचा तारा करतात, ती ही गोधडी. सेज या सुवासिक वनस्पतीची सुकी पाने जाळून धूर दिला गेला, आणि एके काळी ज्याला पाखंड म्हटले असते ते आता उपासनाक्रमातच आहे. गायने डकोटा भाषेत होती. अलीकडच्या इंग्रजी गाण्यांच्या वेळी तरुणांनी गिटार वाजवली, ती मला बेताचीच वाटली; परंतु म्हाताऱ्या बायांनी वाद्यावाचून जे गायन सुरू केले त्याने मांडव भरून गेला. जोसेफ रेनव्हिल यांनी १८४० च्या दशकात रचलेले, सृष्टीच्या कर्त्याचा महिमा सांगणारे ते गायन. मॅनकाटोला फासाकडे जाताना त्या ३८ जणांनी ते म्हटले, अशी परंपरा आहे. आज ते एपिस्कोपल चर्चच्या सर्वसाधारण गायनपुस्तकातही आहे, पण उन्ची ते पुस्तक न उघडता, डोळे मिटून, प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर लांबवत गात होत्या.

मग मुलांचे दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशनचा विधी, झाले. बिशप प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत आणि गळ्यात नायोब्रारा क्रूस घालत. हा क्रूस हेअर यांनी १८७४ साली तयार केला: लंबगोल पदकावर क्रूस, त्याच्या चार कोपऱ्यांत चार तंबू, प्रत्येक तंबूच्या शेंड्यावर लहानसा क्रूस, आणि ‘त्यांना जीवन मिळावे’ अशा अर्थाचे योहानाच्या शुभवर्तमानातील ग्रीक शब्द. उन्चींनी आपला क्रूस माझ्या तळहातावर ठेवून दाखवला. इतक्या वर्षांच्या वापराने तंबू जवळजवळ पुसले गेले होते. ग्रीक अक्षरे बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती.

पाइन रिजच्या होली क्रॉस चर्चविषयीही त्यांनीच सांगितले. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे सैन्याने लकोटा प्रमुख बिग फूट यांच्या लोकांवर गोळ्या चालवल्या, तेव्हा जखमींना ठेवायला जागा नव्हती. चर्चमधील बाके उखडून जमिनीवर गवत पसरले आणि त्यावर बायकामुलांना निजवले. नाताळची हिरवी तोरणे अजून वर लटकत होती. चार्ल्स ईस्टमन हे डकोटा डॉक्टर आणि स्वतः यांक्टन वंशाचे पाळक चार्ल्स कुक रात्रभर त्यांच्यात वावरत होते. हे सांगताना उन्चींनी आवाज बदलला नाही. आपण गेल्या पावसाळ्याची गोष्ट सांगतो तशी सांगितली.

जेवणावळीचे वर्णन केले नाही तर तू रागावशील. बीफचे पातळ सूप, तळलेली जाड फ्राय ब्रेड, आणि रानबोरांसारख्या फळांचे गोड, दाट वोजापी. प्रथम वृद्धांची ताटे वाढून त्यांच्या जागेवर पोचवतात, ती पोचेपर्यंत रांग हलत नाही. महिला मंडळांचे अर्पण हा या मेळाव्याचा फार जुना भाग आहे. वर्षभर शिवणकाम आणि मणीकाम करून जमवलेले पैसे प्रत्येक मंडळाच्या बाया रांगेने पुढे येऊन ठेवतात. त्या चालीत, नव्या शालीत आणि आधीच्या थट्टामस्करीत माहेरी आलेल्या लेकींचा तोरा होता.

आणि सभा? सभाही झाली, जयंता, तुझ्या मुख्य प्रश्नाचे उत्तर म्हणून मुद्दाम सांगतो. अहवाल वाचले गेले, निवडणूक झाली, खर्चावरून एका गृहस्थाने बराच वेळ घेतला. एकेका पाळकाकडे अनेक चॅपेल आहेत, तरुण मुले शहरात गेली आहेत, छपरे गळत आहेत; अडचणी आपल्यासारख्याच. फरक इतकाच की ज्या माणसाशी मतभेद झाले, त्याच्याच शेजारी बसून जेवायचे होते आणि रात्री त्याच्याच तंबूशेजारी झोपायचे होते. शिवाय सभेआधी त्या वर्षी वारलेल्यांची नावे मंडळीवार वाचली गेली. त्यानंतर खुर्चीसाठी भांडायला माणसाला थोडी तरी लाज वाटत असावी.

तुमच्या पंचांना हे सुचवून पाहा: हिशेब एका सकाळी उरकावा आणि बाकीचा वेळ खेड्यांतील मंडळ्यांना कुटुंबासह मुक्कामाला बोलवावे. खर्चाचा प्रश्न निघेल. चूल लागेल, मांडव लागेल, आणि भांडी घासायला पंचही लागतील.

एक काम तुझ्याकडे आहे. शेवटच्या रात्री मला माझ्या भाषेत गायला सांगितले, तेव्हा मी नारायण वामन टिळकांचे एक भजन म्हटले. उन्चींना चाल आवडली. पुढच्या वर्षी आणखी म्हणायची असा त्यांचा हुकूम आहे. तुझ्या आईकडून जुन्या चाली रेकॉर्ड करून पाठव, पेटीवर नकोत, नुसत्या टाळांवर. त्यांना माझा सलाम सांग आणि गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यायला लाव.

तुझा,
विनायक