आई-बाबांना पत्र : शनिवार-रविवारच्या सामन्यांचा वृत्तांत

बेळगाव,
सोमवार, रात्री

तीर्थस्वरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथे सर्व कुशल आहे. शनिवारी आपल्या क्लबच्या महिला संघाने धारवाडच्या पाहुण्या संघावर चार गडी राखून विजय मिळवला आणि रविवारी पुरुष संघ निपाणीकडून २३ धावांनी पराभूत झाला, एवढे काल फोनवर सांगितलेच. परंतु फोनवर दादाच्या मुलांचा गलका चालू होता आणि बाबा, तुम्हाला नुसता निकाल ऐकून कधीच समाधान होत नाही, म्हणून दोन्ही सामने सविस्तर लिहिते. शेवटी एक विनंतीही आहे. ती या दोन सामन्यांशीच निगडित आहे.

महिलांचा सामना २५ षटकांचा होता आणि तो मॅटिंगवर, म्हणजे अंथरलेल्या मॅटवर, झाला. धारवाडच्या संघाने नाणेफेक जिंकून प्रथम फलंदाजी घेतली. तेराव्या षटकाअखेर त्यांच्या एक बाद ६४ धावा झाल्या होत्या, तेव्हा त्या दीडशेच्या आसपास जातील असेच सर्वांना वाटत होते. आपल्या मध्यमगती गोलंदाज मुली चेंडू आखूड टाकत होत्या, मॅटवर तो उंच आणि सरळ येत होता, आणि त्यांची सलामीची फलंदाज मागच्या पायावर जाऊन तो आरामात पॉइंटकडे ढकलत होती. चौदाव्या षटकात कर्णधाराने येळ्ळूरच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला आणले आणि सामना फिरला. तिने चेंडूला भरपूर उंची दिली, फलंदाजांना पुढे यायला लावले आणि पाच षटकांत १९ धावा देऊन तीन बळी घेतले. पुढच्या बारा षटकांत पाहुण्यांना ५४ धावाच करता आल्या आणि त्यांचा डाव सात बाद ११८ वर थांबला.

या तीन बळींपैकी एका बळीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण तो पाहताना मला तुमची फार आठवण झाली. तिच्या तिसऱ्या षटकात एक चेंडू लेग स्टंपच्या बराच बाहेर पडला. फलंदाज फटका मारण्यासाठी क्रीझ सोडून पुढे आली होती, चेंडू बॅटला लागला नाही, आणि आपल्या वडगावच्या यष्टिरक्षक मुलीने डावीकडे झेपावून तो एका हातात धरला व त्याच हाताने बेल्स उडवल्या. स्क्वेअर लेगच्या पंचांनी बोट वर केले आणि गोलंदाजाच्या टोकाकडील पंचांनी वाइडसाठी दोन्ही हात पसरले. पाहुण्यांचे गुणलेखक माझ्या शेजारीच बसले होते. वाइडवर गोलंदाजाला बळी मिळत नाही, म्हणून तिला धावचीत लिहावे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी नम्रपणे सांगितले की नो-बॉलवर यष्टिचीत होता येत नाही, वाइडवर मात्र होता येते. बळी गोलंदाजाच्याच नावावर लागतो, वाइडची एक धाव अवांतर धावांत जाते आणि गोलंदाजाच्या खात्यातही धरली जाते, आणि तो चेंडू षटकात मोजला जात नाही. शेवटी डावाच्या मध्यंतरात पंचांना विचारले आणि त्यांनी तसेच सांगितल्यावर दोन्ही वह्या जुळल्या. तुम्ही लहानपणी मला मांडीवर स्कोअरबुक ठेवून शिकवलेले किती खोलवर रुजले आहे, हे अशा वेळी कळते.

आई, ही वडगावची मुलगी तुझ्या ओळखीची आहे. तिच्या घरी यंत्रमाग आहेत आणि गणपतीत ती आपल्याकडे आली होती. आपला डाव सुरू झाल्यावर दहा षटकांत चार बाद ४१ अशी स्थिती झाली, तेव्हा ती खेळायला गेली. समोर गोकाकहून इथे शिकायला आलेली मुलगी होती. पुढची दहा षटके या दोघींनी एकही गडी पडू दिला नाही आणि ५२ धावा जोडल्या. त्यात चौकार अवघे दोन. बाकीच्या धावा त्यांनी पळून काढल्या. चेंडू मिड-विकेटकडे हळूच वळवायचा आणि क्षेत्ररक्षक वाकण्याआधी पहिली धाव पूर्ण करून दुसरीसाठी वळायचे, हे त्या इतक्या सफाईने करत होत्या की धारवाडच्या कर्णधाराला तीन वेळा क्षेत्ररचना बदलावी लागली. हाक कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये येत होती, पण पाऊल दोघींचे एकाच वेळी उचलले जात होते. शेवटच्या पाच षटकांत २६ धावा हव्या असताना मुली घाबरतील असे मला वाटले होते. मधे दोन गडी बादही झाले, तरी कोणी आडवीतिडवी बॅट फिरवली नाही. अखेरच्या षटकात तीन धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर एक आणि दुसऱ्यावर दोन धावा निघाल्या आणि चार चेंडू शिल्लक राखून सामना जिंकला. सांगलीच्या स्मृती मानधनाचे कव्हर ड्राइव्ह पाहून आपल्या निम्म्या मुली डावखुऱ्या होऊ पाहतात, ते ठीकच आहे. मला मात्र या दोघींचे पळणे अधिक मोलाचे वाटले.

आता रविवार. पुरुषांचा सामना आपल्या मुख्य मैदानावर, टर्फ विकेटवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, ४० षटकांचा झाला. निपाणीने आठ बाद २१२ धावा केल्या. त्यांपैकी निदान चाळीस धावा आपण हाताने दिल्या, कारण तीन झेल सुटले आणि त्यांतील दोन स्लिपमध्ये अगदी छातीच्या उंचीवर आलेले होते. तरीही आपला डाव फार चांगला सुरू झाला. चोविसाव्या षटकाअखेर दोन बाद १३१ धावा झाल्या होत्या. म्हणजे उरलेल्या सोळा षटकांत ८२ धावा हव्या होत्या, षटकामागे पाचाहून किंचित अधिक. याच वेळी पश्चिमेकडे ढग दाटून आले. वळीव येणार आणि सामना अर्धवट राहणार, या धास्तीने फलंदाजांनी घाई सुरू केली. एकजण लाँग-ऑनवर झेल देऊन परतला, पाठोपाठ दुसरा पुढे सरसावून त्रिफळाचीत झाला, आणि त्यानंतर रांगच लागली. कांग्राळीच्या तळाच्या फलंदाजाने २७ धावा काढून थोडी आशा दाखवली, पण १८९ वर डाव आटोपला आणि पंधरा चेंडू न खेळताच राहिले. पाऊस आला तो सामना संपल्यावर, खेळाडू घरी पोहोचल्यानंतर.

बाबा, २०१९ च्या जूनमध्ये ऑटोनगरच्या मैदानावर श्रीलंका अ संघाविरुद्ध ऋतुराज गायकवाडने केलेली नाबाद १८७ धावांची खेळी तुम्ही पाहिलीत, आणि तेव्हापासून क्लबच्या प्रत्येक मुलाला सांगत आलात की तो चेंडूकडे पाहत होता, धावफलकाकडे नव्हे. रविवारी आपले फलंदाज आभाळाकडे पाहत होते. कर्णधाराने सामन्यानंतर सर्वांसमोर हे मान्य केले आणि महिलांच्या डावाची वही मागून घेऊन अकरावे ते विसावे षटक चेंडूगणिक वाचून दाखवले, याचा मला मनापासून आनंद झाला. तो समजूतदार मुलगा आहे. पुढच्या वर्षीही कर्णधारपद त्याच्याकडेच राहावे, असे मला वाटते.

ती वही त्याला वाचता आली, कारण ती लिहिलेली होती. क्लबमध्ये पुरुषांच्या सामन्यांची स्कोअरबुके तुमच्या काळापासून कपाटात ओळीने लावलेली आहेत. महिलांचे सामने मात्र आतापर्यंत सुट्या कागदावर लिहिले जात आणि हंगाम संपला की ते कागद कुठे जात हे कोणालाच ठाऊक नसे. त्यामुळे वर्तमानपत्राकडेही पुरुषांचा धावफलक नावानिशी जाई आणि महिलांची फक्त एक ओळ जाई, कारण याहून अधिक पाठवण्यासारखे हाताशी काही नसे. या हंगामात मी महिलांसाठी तसेच जाड पुठ्ठ्याचे स्कोअरबुक घेतले आहे आणि काल रात्री दोन्ही सामन्यांचे धावफलक सारख्याच तपशिलाने वर्तमानपत्राकडे पाठवले.

परंतु वही मी एकटी सुरू करू शकते; चेंडू आणि विकेट यांचे निर्णय कार्यकारिणीच्या हाती आहेत, आणि तिथेच तुमची मदत हवी आहे. महिला संघाला सरावासाठी पुरुषांचे वापरलेले चेंडू दिले जातात. नियमाप्रमाणे पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो आणि महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम. आकारही थोडा लहान असतो. आठवडाभर जड आणि झिजलेल्या चेंडूने सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी नवा हलका चेंडू हातात घ्यायचा, म्हणजे टप्पा चुकणारच. पहिल्या तेरा षटकांत आपल्या मुली आखूड मारा करत होत्या, त्याचे हे मुख्य कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे. चेंडू चेंडूच असतो, त्यात काय एवढे, असे कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सांगितले. त्यांचे वय आणि क्लबसाठी केलेले काम लक्षात घेऊन मी तिथे वाद घातला नाही, पण ही गोष्ट मला पटलेली नाही.

विकेटचा प्रश्न याहून मोठा आहे. मॅटवर चेंडू सारखा उसळतो आणि फिरकी चांगली पकडते. टर्फवर तो खाली राहतो, कधी थांबून येतो, आणि सकाळच्या ओलाव्यात वेगळाच वागतो. महिला संघाला बाहेरगावी बहुतेक सामने टर्फवर खेळावे लागतात आणि घरच्या मैदानावर मात्र मॅटिंगच मिळते. शनिवारी महिला खेळल्या तर रविवारी पुरुषांसाठी विकेट खराब होईल, अशी अडचण सांगितली जाते. पण आपल्या मैदानावर मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना आणखी पट्ट्या आहेत. काळ्या मातीचा थर त्यांवरही आहे, फक्त त्यांना पाणी आणि रोलर नियमित मिळत नाही. गुरुवारी संध्याकाळी कडेच्या पट्टीला पाणी द्यायचे, शुक्रवारी सकाळ-संध्याकाळ रोलर फिरवायचा, आणि शनिवारी महिलांचा सामना तिथे घ्यायचा. मधल्या पट्टीला हातही लागत नाही. आपल्या माळीकाकांना मी विचारले, तर हे सहज जमेल, मात्र सांगणारे कोणीतरी हवे, असे ते म्हणाले.

सांगणारे म्हणून तुमचे नाव माझ्या मनात आले. तुम्ही कार्यकारिणीला एक पत्र लिहावे, अशी माझी विनंती आहे. तुमच्या अक्षरातले पत्र बैठकीत वाचले गेले, तर ते कोणी बाजूला ठेवणार नाही. त्यात दोनच मागण्या असाव्यात : महिलांच्या सरावासाठी योग्य वजनाचे नवे चेंडू आणि एक आड एक शनिवारी टर्फची कडेची पट्टी. महिलांचे क्रिकेट हे अलीकडचे खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एवढे अवश्य लिहा की आपल्याच कर्नाटकाच्या शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी १९७६ मध्ये पाटण्याला वेस्ट इंडिजला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला होता, आणि २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिला व पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या महिलांनी विश्वचषक जिंकला, त्याबद्दल वेगळे लिहायची गरज नाही. त्या रात्री कार्यकारिणीतील सर्वजण क्लबच्या टीव्हीसमोर बसले होते आणि शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला तेव्हा सर्वांत मोठ्याने ओरडणारे तेच ज्येष्ठ सदस्य होते, ज्यांचा उल्लेख मी वर केला.

आई, दीप्ती शर्माने पाच बळी घेतलेला तो सामना तू पुण्यात जागून पूर्ण पाहिलास आणि दुसऱ्या दिवशी मला तिच्या शेवटच्या षटकांविषयी विचारत होतीस. म्हणून पत्राचा मजकूर ठरवताना तूही बाबांच्या शेजारी बसावेस, असे मला वाटते. बाबांचे लेखन नियमांत फार शिरते आणि पाने वाढत जातात. तू ते दीड पानात बसवशील.

येत्या शनिवारी महिला संघ परतीच्या सामन्यासाठी धारवाडला जाणार आहे आणि तो सामना टर्फवर आहे. मी गुणलेखनासाठी सोबत जात आहे. सकाळच्या गाडीने निघून रात्री परत येऊ. पुरुषांचा सामना रविवारी घरच्या मैदानावर खानापूरशी आहे. कार्यकारिणीची बैठक त्यानंतरच्या बुधवारी ठरली आहे, तेव्हा तुमचे पत्र मंगळवारपर्यंत माझ्या हाती आले तर उत्तम. टपालाला उशीर होईल असे वाटल्यास दादाला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा, मी येथे छापून घेईन. मात्र सही बाबांची असावी.

बाबांची रक्तदाबाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर चुकू देऊ नका. मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
लेक