चिखलात काय शोधतेस विचारलंस ना

ती. आई, बाबांना सा. न.

मी पाठवलेला फोटो बघून तू फोनवर "चिखलात काय शोधतेस गं" म्हणालीस आणि नेमका तेव्हाच ऑफिसचा कॉल आला, म्हणून हे सविस्तर लिहितेय. बाबांना तूच वाचून दाखव, त्यांनी डोळ्यावर ताण द्यायचा नाहीये अजून. जेवण, थंडी, फ्लॅटमेट सगळं नेहमीचंच.

तर तो फोटो थेम्सचा. आपली बडोद्याची विश्वामित्री फुगते ती पावसात, पण ही नदी लंडन शहरातसुद्धा भरती-ओहोटीने रोज दोनदा चढते-उतरते, तेही सात-सात मीटर. ओहोटी लागली की काठ उघडा पडतो आणि चांगली शिकली सवरलेली माणसं गमबूट घालून, गुडघे टेकून तासन् तास त्यात शोधत बसतात. मडलार्किंग म्हणतात. पूर्वी गरीब पोरं पोटासाठी कोळसा, खिळे, दोरांचे तुकडे वेचायची, आता लोक हौसेने करतात आणि त्याला परवाना लागतो! नुसतं नजरेने शोधायचं म्हटलं तरी पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना, साध्या परवान्यावर साडेसात सेंटिमीटरच्या खाली खणायचं नाही, तीनशे वर्षांहून जुनं काही मिळालं तर म्युझियमच्या माणसाला दाखवायचं. चिखलाला एवढे नियम. मी परवानगीवाल्या गाईडच्या ग्रुपबरोबर गेले होते, त्यामुळे पोलीस पकडतील वगैरे डोक्यातून काढ.

आणि घरी काहीही आणलेलं नाही, शप्पथ. मेलेल्या माणसांच्या वस्तू घरात नकोत हे मलाही कळतं. हातमोजे होते, आल्यावर डोक्यावरून आंघोळ केली.

मला मिळाली पांढऱ्या मातीची चिलीम, म्हणजे तिचं तोंड आणि बोटभर नळी. नळीच्या भोकात चिखल गच्च बसलेला, तो काडीने टोकरला तर आत अजून काजळी होती गं! तोंड एवढंसं की करंगळीचं टोक जेमतेम जाईल. सुरुवातीला तंबाखू महाग म्हणून चिलमी लहान, मग स्वस्त झाला तशा मोठ्या झाल्या, त्यावरून गाईडने सतराव्या शतकातली सांगितली. बाबा, म्हणजे महाराजांनी १६६४ ला सुरत लुटली त्या सुमारास इथे कोणीतरी झुरके मारून, आपण कुल्हड टाकतो तशी ही नदीत टाकली. दहा मिनिटं हातात धरून उभी होते, मग होती तिथेच ठेवली.

पुढे एकाला पितळी गणपती मिळाला, अंगठ्याएवढा. सगळे केवढे खूश. मी म्हटलं अहो, हे कोणाच्या तरी घरचं विसर्जन आहे, राहू द्या. मग सगळे उगाच गप्पच झाले थोडा वेळ.

तेव्हा अकोटा आठवलं. पूल ओलांडला की अकोटा, १९५१ साली तिथे जैन ब्राँझ मूर्ती सापडल्या, कमाटीबागेच्या म्युझियममध्ये ठेवल्यात, आणि बाबा दर रविवारी न्यायचे तेव्हा मी मात्र ममी आणि व्हेलचा सांगाडा बघायला पळायचे. डोळा बरा झाला की बाबांना घेऊन जा ना एकदा. ऑपरेशनला मी यायला हवं होतं, माहितीये, सुट्टी खरंच नव्हती. म्हणजे मागितली असती तर मिळाली असती कदाचित.

आता घराचं. बिल्डरला हो म्हणायचं तर म्हणा, दांडिया बाजारातले ते जिने तुम्हाला झेपत नाहीत, मी इथे बसून नको म्हणणारी कोण. फक्त माळा रिकामा करताना आजीचं घंगाळ आणि अडकित्ता मोडीत घालू नका, आणि पणजोबांचे मोडीतले कागद तर अजिबात मोडीत घालू नका. दादाला सांग फोटो काढून पाठव, तो करणार नाही, पण सांग.

पैसे एक तारखेला टाकते, यावेळी थोडे कमी, फ्लॅटचं भाडं वाढलंय, पुढच्या महिन्यात भरून काढते. नाशिकच्या स्थळाशी बोलले. मुलगा बरा आहे, पण त्याला परत भारतात जायचंय आणि मला अजून ठरवता येत नाहीये, तर त्याच्या आईला एवढ्यात काही कळवू नकोस. दिवाळीचं तिकीट बघतेय, महाग आहे. बडोद्याचा लिला चिवडा कुरिअर करू नकोस, त्याच्या चौपट खर्च येतो. अगदीच पाठवलास तर दोन पाकिटं.

तुझी
सोनू